दोन दिवसांत ४१३ चेंडू

क्रिकेटला सरावलेल्या आपल्या दृष्टीला सॉफ्टबॉल हा खेळ प्रथमदर्शनी काहीसा बालिश वाटतो. चेंडू मोठा, मैदान लहान आणि चेंडू टाकायचा तोही खांद्याखालून! परंतु चेंडू फेकणारी पिचर आणि फलंदाज यांच्यात अंतर अवघे १३.११ मीटर असते. हात पवनचक्कीसारखा फिरवून ताशी सुमारे १२० किलोमीटर वेगाने सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत समोर येऊन ठाकतो. जपानच्या युकिको उएनो यांची ख्याती याच वेगासाठी आहे.

२२ जुलै १९८२ रोजी फुकुओका येथे जन्मलेल्या उएनो शालेय शिक्षण संपताच ताकासाकी येथील एका कंपनीच्या संघात दाखल झाल्या. जपानमध्ये हा खेळ प्रामुख्याने कंपन्यांच्या आश्रयाने जगला आहे. (आपल्याकडेही बँका खेळाडूंना नोकरी देऊन संघ उभारीत, हे जुन्या वाचकांना आठवत असेल.) कालांतराने त्यांचा संघ विद्युत उपकरणे विकणाऱ्या ‘बिक कॅमेरा’ या दुकानसाखळीकडे गेला, उएनो मात्र त्याच संघात राहिल्या.

२००४ साली अथेन्स येथे चीनविरुद्ध त्यांनी एकाही फलंदाजाला पहिल्या तळापर्यंतसुद्धा पोहोचू दिले नाही. तरीही जपानला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. पुढच्याच वर्षी, २०१२ पासून हा खेळ ऑलिंपिकमधून वगळण्याचा निर्णय झाला. त्यामुळे २००८ चे बीजिंग ही सुवर्णपदकाची शेवटची संधी ठरणार होती. आणि १९९६ पासूनची तिन्ही सुवर्णपदके अमेरिकेकडे होती.

२० ऑगस्ट २००८ रोजी उएनो यांनी अमेरिकेविरुद्ध नऊ डावांत १४७ चेंडू टाकले. सामना हातचा गेला. स्पर्धेच्या नियमानुसार आणखी एक संधी होती, परंतु ती त्याच दिवशी! ऑस्ट्रेलियाविरुद्धचा तो सामना बारा डाव लांबला. उएनो यांनी आणखी १७१ चेंडू टाकले आणि जपान ४-३ असा जिंकला. बोटाची कातडी सोलवटलेली असताना त्या दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यासाठी पुन्हा उभ्या राहिल्या. ९५ चेंडू, ३-१ असा विजय, आणि ऑलिंपिकमधील अमेरिकेची सलग २२ विजयांची मालिका खंडित. आयुष्यभर आकड्यांशी व्यवहार करूनही ४१३ या बेरजेपुढे मी थबकतो. एकाच खांद्यावर इतका भार टाकणे संघहिताचे होते, खेळाडूच्या हिताचे होते काय, हा प्रश्न मला अद्याप सतावतो.

विजयानंतर मात्र ऑलिंपिकचे दार बंदच राहिले. ऐन उमेदीची वर्षे कंपनीच्या संघाकडून खेळण्यात गेली. २०१६ साली टोकियो स्पर्धेसाठी खेळाचा पुन्हा समावेश झाला. एप्रिल २०१९ मध्ये फलंदाजाने टोलवलेला चेंडू लागून उएनो यांचा जबडा मोडला. तरीही त्या परतल्या. महासाथीमुळे स्पर्धा आणखी एक वर्ष लांबली. अखेर २७ जुलै २०२१ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, योकोहामाच्या प्रेक्षकविरहित मैदानावर त्या पुन्हा अमेरिकेसमोर उभ्या ठाकल्या. सहाव्या डावात तरुण मिउ गोतोने चेंडू हाती घेतला आणि संकट निभावले; सातव्या डावात उएनो यांनी परत येऊन सामना संपवला. निकाल २-० असा लागला.

पॅरिसमध्ये हा खेळ पुन्हा वगळला गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेसाठी तो पुन्हा मंजूर झाला. वृत्तपत्रांनी त्या दिवशी मथळे दिले ते क्रिकेटला. त्याच ठरावात सॉफ्टबॉलही होता.