मृगापूर्वीचें माथेरान

वैशाख सरत आला म्हणजे मुंबई-पुण्याच्या घराघरांतून एकच बोलणें ऐकूं येतें : "चार दिवस कोठें तरी थंड हवेवर जाऊन येऊं." शाळांना सुट्टी असते, रात्रींसुद्धां भिंतींची धग ओसरत नाहीं, आणि मृगाच्या सरींना अद्याप पंधरा-वीस दिवस अवकाश असतो. या पंधरा-वीस दिवसांत नेरळ स्थानकावर जी गर्दी उतरते, तिचे डोळे समोरच्या सपाट माथ्याच्या डोंगराकडे लागलेले असतात. त्याच डोंगरावर आणखीहि एक गर्दी याच दिवसांत चढत असते. तिच्या डोक्यावर पाटी असते, खांद्यावर ओझें असतें, हातांत घोड्याचा लगाम असतो. पाहुण्यांना ज्या दिवसांत विश्रांति मिळते, त्याच दिवसांत या दुसऱ्या गर्दीला पुढच्या चार महिन्यांची भाकरी मिळवावयाची असते. माथेरानचा उन्हाळा समजून घ्यावयाचा, तर या दोन्ही गर्द्या एकत्र पाहिल्या पाहिजेत.

माथेरान म्हणजे माथ्यावरचें रान. नांवांतच सारा भूगोल आला. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून अलग पडलेला हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर, म्हणजे अडीच हजार फुटांहून कांहींसा अधिक उंच आहे. खालचा खडक काळा, अग्निजन्य. माथ्यावर मात्र लाल जांभ्या दगडाचा थर. जांभा सच्छिद्र असतो. तो पावसाचें पाणी शोषून घेतो, आणि त्याच्या आधारानें अंजन, जांभूळ, हिरडा यांचें गर्द रान माथ्यावर टिकून राहतें. उंचीमुळें हवेची उष्णता चार-पांच अंशांनीं उतरते, पश्चिमेकडून समुद्रावरचा वारा येतो, आणि झाडांची सावली जमिनीला तापूं देत नाहीं. या तीन कारणांपैकीं पहिलीं दोन निसर्गाच्या हातीं आहेत. तिसरें माणसाच्या हातीं आहे. रान गेलें, तर उरेल तो उंचावरचा एक तापलेला खडक.

या डोंगरावर धनगर, ठाकर, कातकरी हे लोक पूर्वीपासून वावरत होतेच. शहरी जगाला त्याची ओळख झाली ती मात्र अशाच एका उन्हाळ्याच्या अखेरीस. १८५० सालच्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट पायथ्याच्या चौक गांवाहून वर चढले, आणि ही जागा त्यांच्या मनांत भरली. पुढें मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनीं येथें येण्याचा प्रघात पाडला, आणि त्यांच्यामागून मुंबईचे श्रीमंत व्यापारी बंगले बांधूं लागले. त्या काळीं नेरळहून वर यावयाचें तर पालखी, घोडा किंवा स्वतःचे पाय हींच साधनें होतीं. म्हणजे पाहुणा आणि त्याला वाहून नेणारा माणूस यांचें नातें येथें पहिल्या दिवसापासूनचें आहे.

हें नातें थोडें सैल केलें तें आगगाडीनें. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें सुमारें सोळा लाख रुपये खर्चून नेरळ ते माथेरान हा लोहमार्ग बांधविला, आणि १९०७ च्या मार्च महिन्यांत त्यावरून गाडी धांवूं लागली. रुळांतील अंतर अवघें दोन फूट. वीस फूट पुढें जावें तेव्हां एक फूट चढावें, इतका कांहीं ठिकाणीं चढ. वळणें इतकीं अरुंद, कीं सरळ आंसांचें इंजिन त्यांवर चालणार नाहीं. म्हणून बाहेरचे आंस थोडे वळूं शकतील अशीं खास इंजिनें जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोप्पेल या कारखान्याकडून आणविलीं गेलीं. डोंगराला वेढे घालीत सुमारें एकवीस किलोमीटरांचा हा प्रवास करावयास गाडीला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. घाई असलेल्या माणसानें तिच्या वाटेस जाऊं नये. पण खिडकीशीं बसलेल्या मुलाला ती जें दाखविते, तें दुसरें कोणतेंहि वाहन दाखवीत नाहीं. पाऊस हा तिचा जुना वैरी. २००५ च्या जुलैंतील अतिवृष्टीनें मार्ग वाहून गेला, तो २००७ सालीं पुन्हां सुरू झाला. २०१९ च्या पावसानें पुन्हां खंड पाडला, तो २०२२ च्या ऑक्टोबरमध्यें सांधला गेला. म्हणूनच नेरळहून वर येणारी गाडी पावसाळ्यांत थांबविण्याची रीति पडली आहे.

मोटारीनें येणाऱ्या पाहुण्याचा प्रवास दस्तुरी नाक्यावर संपतो. तेथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर दूर. परंतु पुढें मोटारीला मज्जाव. २००३ सालच्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें माथेरान व भोंवतालचा सुमारें २१५ चौरस किलोमीटरांचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, आणि वाहनबंदीच्या जुन्या रीतीला कायद्याचें बळ मिळालें. या एका नियमानें माथेरानला माथेरान ठेविलें आहे. भोंगा नाहीं, धूर नाहीं; पहांटे जाग येते ती पांखरांच्या आवाजानें.

परंतु मोटार थांबली, म्हणून ओझें थांबत नाहीं. पाहुण्याची पेटी, त्याच्या जेवणांतील भाजी, दूध, तांदूळ, स्वयंपाकाच्या गॅसची टांकी, भिंतीची वीट, हें सर्व कोणीं तरी वाहून आणावें लागतें. या नियमाची किंमत हमालाच्या मानेनें, घोड्याच्या पाठीनें आणि हातरिक्षा ओढणाऱ्या माणसाच्या छातीनें आजवर भरली आहे. दस्तुरीपासून बाजारापर्यंतचा रस्ता चढउतारांचा. चढावर एकानें पुढें ओढावयाचें आणि बाकीच्यांनीं मागून रेटावयाचें. उतारावर त्याच हातांनीं गाडी आवरून धरावयाची. आंत बसलेल्या आजारी वृद्धेला ही सोय मोठी वाटते, यांत तिचा दोष नाहीं. पण ती सोय कोणाच्या श्वासावर चालते, हेंहि दिसल्यावांचून राहत नाहीं.

घोडेवाल्याची कथा निराळी. येथें परवानाधारक घोडे साडेचारशेंहून अधिक. एका घोड्यावर एक कुटुंब उभें असतें. मे महिन्यांत घोडा दिवसभर फिरतो. पावसाळ्यांत तो उभा राहतो, पण खातो तितकाच. म्हणून उन्हाळ्याच्या या शेवटच्या आठवड्यांत घोडेवाला गिऱ्हाइकाच्या मागें फार लागतो. पाहुण्याला तो हट्ट वाटतो. घोडेवाल्याच्या मनांत मात्र आषाढांतील चंदीचा हिशेब चाललेला असतो. दुसरी बाजूहि आहे. नाल मारलेल्या खुरांखालीं तांबडी माती भुगा होते, तिच्यांत लीद मिसळते, आणि पहिल्या जोराच्या पावसांत ती सारी उतारानें वाहून जाते. वर्षाकाठीं दोनशें इंचांच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या डोंगरावर माती सुटली, कीं झाडांचीं मुळें उघडीं पडतात. रस्त्यावर फरशी घालावी कीं माती तशीच ठेवावी, हा येथला वाद असा पोटापासून मुळांपर्यंत पोंचतो.

या सर्वांच्या आधीं, उजाडण्यापूर्वींच, पायवाटांनीं वर येतात त्या पायथ्याच्या ठाकर-कातकरी वाड्यांतील स्त्रिया. डोक्यावरच्या पाटींत करवंदें, जांभळें, रायवळ आंबे. हा बाजार निसर्गानेंच नेमून दिलेला आहे. करवंद काळें होतें तें मे महिन्यांत. जांभूळ पिकतें तें पावसाच्या तोंडावर. एक-दोन वळीव झोडपून गेले, कीं माल मातीमोल. पानाच्या द्रोणांतील मूठभर करवंदांसाठीं घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकानें ती पाटी कड्याच्या किती पायऱ्या चढून आली आहे, हें एकदां खालीं वांकून पाहावें.

पाहण्याजोग्या जागा येथें पुष्कळ. डोंगराच्या कडेचीं जीं टोकें दरींत पुढें आलीं आहेत, त्यांना 'पॉइंट' म्हणण्याची चाल इंग्रजांपासून पडली. पॅनोरामा पॉइंटवरचा सूर्योदय आणि पॉर्क्युपाइन पॉइंटवरचा सूर्यास्त प्रसिद्ध. लुईझा पॉइंटवरून प्रबळगडाचा कडा समोर उभा राहतो. पायांत बळ असलेल्यांना जुन्या वाटा मोकळ्या आहेत : वन ट्री हिलजवळून चौकच्या बाजूस उतरणारी 'शिवाजीची शिडी', भिवपुरीकडून गार्बेट पॉइंटावर येणारी वाट, उत्तरेस पेब उर्फ विकटगडाकडे जाणारी वाट. उन्हाळ्याच्या अखेरीस या वाटांवर गवत वाळून निसरडें झालेलें असतें, मुरूम पायांखालून सरकतो, आणि वाटेंत पाणी बहुधा मिळत नाहीं. पहांटे निघावें, ऊन चढण्यापूर्वीं माथा गांठावा, आणि वाटाड्या घेण्यांत कमीपणा मानूं नये. रानांत शिरल्यावर आवाज न करणाऱ्याला शेकरूंचें दर्शन होतें. आरडाओरडा करणाऱ्याला माकडांचें.

या दिवसांतील खरी कसोटी पाण्याची असते. शार्लट तलाव हा येथील जुना आधार. तो भरतो पावसाळ्यांत, आणि त्यावर ताण पडतो तो नेमका तळ दिसूं लागल्यावर. कारण पाहुणे सर्वांत अधिक येतात ते मे महिन्यांत. तलाव पुरत नाहीं, म्हणून खालून नेरळच्या बाजूचें पाणी यंत्रांनीं वर चढवावें लागतें. वरच्या नळांतील तांब्याभर पाण्यालाहि अशी डोंगराची चढण आहे.

माणसानें माणसाला ओढावें काय, हा प्रश्न या डोंगरावर पुष्कळ वर्षें पडून होता. १९१२ सालीं याच माथेरानांत, एका गरीब नाभिक कुटुंबांत विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. वकील होऊन त्यांनीं पायथ्याच्या आदिवासी शेतकऱ्यांसाठीं धान्यकोठ्या काढल्या, १९४२ च्या लढ्यांत आझाद दस्ता उभारला, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडाच्या रानांत त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या जन्मगांवीं हातरिक्षा मात्र त्यानंतरहि अनेक दशकें चालत राहिली. विजेवरच्या रिक्षांचा प्रयोग २०२२ च्या डिसेंबरमध्यें झाला. घोडेवाल्यांनीं त्यास विरोध केला. पोटावर पाय येईल हें त्यांचें भय खोटें म्हणतां येणार नाहीं. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला : माणसानें ओढावयाची रिक्षा ही अमानुष चाल आहे, ती सहा महिन्यांच्या आंत बंद करावी, ओढणाऱ्यांना विजेच्या रिक्षा भाड्यानें देऊन त्यांचें पुनर्वसन करावें, आणि पैसा नाहीं ही सबब सरकारनें सांगूं नये.

न्यायालयानें वाट दाखविली. चालावयाचें तें गांवानें व पाहुण्यांनीं. वाहन कमी हवें, कारण रान हवें; पण रानाची राखण एकट्या गरिबाच्या खांद्यांवर टाकणें न्यायाचें नव्हे. ज्याला चालतां येतें त्यानें चालावें, विजेची गाडी वृद्धांना, आजाऱ्यांना व लहान मुलांना सोडावी, आणि सामान तेवढेंच आणावें, जेवढें स्वतःला उचलेल. एवढें पाळलें, तरी त्या निर्णयाला पाहुण्यांची साथ मिळेल.

जूनचा पहिला आठवडा उलटतो. एका दुपारीं पश्चिमेकडे आभाळ काळवंडतें, वारा फिरतो, आणि तांबड्या धुळीवर टपोरे थेंब पडूं लागतात. पाहुणे घाईघाईनें सामान आंवरतात. दुकानदार फळकुटांवर ताडपत्र्या ओढतात. कमाई कंबरेला खोंचून हमाल डोंगर उतरूं लागतो. खालीं त्याच्या शेतांत राब भाजून तयार असतो, भाताची पेर वाट पाहत असते. शहरच्या माणसाची सुट्टी संपलेली असते. त्याची मात्र एक मजुरी संपून दुसरी सुरू होते.