तीस वर्षं उजवा हात रुसला, आणि या पियानोवादकाच्या कामी आलं चक्क बोटॉक्स

बोटॉक्स म्हटलं की आपल्याला हिरोईनींचे चेहरे आठवतात, आणि फोटोखालच्या 'हिने नक्की काहीतरी करून घेतलंय' अशा कमेंट्स. पण याच इंजेक्शनमुळे एका माणसाचा उजवा हात तीस वर्षांनी पुन्हा पियानोवर आला होता. त्या माणसाचं नाव लिऑन फ्लायशर.

लिऑनचा जन्म १९२८ सालचा, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचा. आईवडील युरोपातून आलेले ज्यू. पियानोची शिकवणी खरं तर मोठ्या भावाला लावली होती. भावाला त्यात काडीचा रस नव्हता. शिकवणी संपली की तो खेळायला पळायचा आणि चार वर्षांचा लिऑन पियानोवर बसून ऐकलेलं सगळं वाजवून दाखवायचा. मग काय, घरच्यांनी शिकवणीतला विद्यार्थीच बदलला.

त्या काळात आर्थर श्नाबेल हे पियानोतलं फार मोठं नाव होतं. आपल्याकडे जसं घराणं सांगतात, तसं त्यांचं सांगायचं तर बीथोवनचे शिष्य चेर्नी, चेर्नींचे लेशेटित्स्की आणि त्यांचे श्नाबेल. अडचण एकच, श्नाबेल लहान मुलांना शिकवत नसत. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोतले एक कंडक्टर आल्फ्रेड हर्ट्झ यांनी शक्कल लढवली. श्नाबेलना जेवायला बोलावलं आणि पोराला गुपचूप घरात आणून पियानोवर बसवलं. जेवण आटोपून पाहुणे बाहेर येतात तर समोर हा वाजवतोय! श्नाबेल तयार झाले, पण शिकत असेपर्यंत जाहीर कार्यक्रम करायचे नाहीत या अटीवर. नऊ वर्षांचा लिऑन मग त्यांच्याकडे शिकायला इटलीला गेला.

१९४४ साली, सोळाव्या वर्षी, त्याने न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबत ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्टो वाजवला. १९५२ मध्ये ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकली, आणि तीही जिंकणारा पहिला अमेरिकन म्हणून. पुढे जॉर्ज झेल यांच्या क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रासोबत फ्लायशरनी केलेली बीथोवन आणि ब्राम्सची रेकॉर्डिंग्ज लोक आजही शोधून ऐकतात.

आणि मग १९६४ च्या सुमारास उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप तळव्याकडे वळायला लागली.

वय ३६. समोर झेल यांच्यासोबत सोव्हिएत रशियाचा दौरा. कोणताही वादक जे करेल तेच फ्लायशरनी केलं, रियाज वाढवला. दुखलं तरी वाजवत राहिले. बोटं आणखी वळली. शेवटी दौऱ्याच्या तोंडावर झेल यांनीच त्यांना सांगितलं, हे तुला झेपणार नाही.

या आजाराला 'फोकल डिस्टोनिया' म्हणतात. गंमत म्हणजे यात हाताचं हाड, स्नायू वगैरे बहुतेक ठीकच असतं, गडबड मेंदूत असते. प्रत्येक बोटासाठी मेंदूत जणू वेगळी जागा ठरलेली असते. तीच तीच बारीक हालचाल वर्षानुवर्षं केल्यावर काहींच्या बाबतीत या जागा एकमेकींत मिसळतात. मग एक बोट उचलायचा हुकूम सुटला की शेजारचंही आवळतं. अशा वेळी रियाज वाढवणं म्हणजे चुकीचा धडाच पाठ करणं. त्यात हा आजार बरेचदा ठरावीक कामालाच अडवतो. चमचा धरता येतो, पण वाद्यावर हात गेला की बोटं ऐकत नाहीत. व्यावसायिक वादकांपैकी साधारण शंभरातल्या एकाला हे होतं असा अंदाज आहे. पण तेव्हा फ्लायशरना याचं नावसुद्धा कोणी सांगू शकलं नव्हतं.

ते पार खचले. आत्महत्येचे विचार आल्याचं त्यांनी पुढे उघडपणे सांगितलं. दाढी वाढवली, शेंडी वाढवली, व्हेस्पा घेतली. (वैतागलेला माणूस कुठल्याही देशातला असो, गाडी घेतोच.) बाल्टिमोरच्या पीबडी संस्थेत शिकवणं चालू होतं, त्यात जीव ओतला. हात चालवून दाखवता येईना, म्हणून शब्दांत समजवायला लागले. कंडक्टरही झाले.

आणि डावा हात होताच. ऑस्ट्रियाचे पियानोवादक पॉल विट्गेनश्टाइन यांचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला होता. घर गडगंज श्रीमंत, त्यामुळे त्यांनी राव्हेल, प्रोकोफिएव्ह अशा बड्या संगीतकारांना पैसे देऊन फक्त डाव्या हातासाठी रचना लिहून घेतल्या. त्यातला राव्हेलचा कॉन्चेर्टो फ्लायशरनी अनेकदा वाजवला.

१९८२ मध्ये बाल्टिमोरच्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला त्यांनी दोन्ही हातांनी वाजवलं. लोकांनी डोक्यावर घेतलं, पण आपला हात बरा नाही हे त्यांना वाजवतानाच कळत होतं. ते पुन्हा डाव्या हाताकडे वळले.

नव्वदच्या दशकात आजाराचं नेमकं निदान झालं आणि बोटॉक्स आलं. हे औषध नसेकडून स्नायूकडे जाणारा निरोप अडवतं, त्यामुळे आवळणारा स्नायू सैल पडतो. सोबत रोल्फिंग नावाचा खोलवर केला जाणारा मसाजही होता. आजार गेला नाही, असर ओसरला की काही महिन्यांनी पुन्हा सुई घ्यावी लागायची. पण बोटं उघडली. २००४ मध्ये त्यांचा अल्बम आला, नाव 'टू हँड्स'.

त्याच वर्षी डिसेंबरात ते बर्लिन फिलहार्मोनिकसोबत पुन्हा एकाच हाताने वाजवत होते. हिंडेमिथ यांनी १९२३ मध्ये विट्गेनश्टाइनसाठी लिहिलेली एक रचना विट्गेनश्टाइनना पटलीच नव्हती. त्यांनी ती कधी वाजवली नाही आणि दुसऱ्या कुणाला दिलीही नाही. त्यांच्या पत्नीच्या निधनानंतर तिचे कागद सापडले. जगात पहिल्यांदा ती लोकांसमोर वाजवायला बोलावलं गेलं फ्लायशरना. तेव्हा त्यांचं वय होतं ७६.