समुद्रतळाचे निद्रिस्त बियाणे

वैशाखात चलथाणच्या आसपासचे बांध पाहिले म्हणजे तेथे जिवाचा मागमूस उरला नसावा असे वाटते. परंतु मृगाची सर कोसळली की चार दिवसांत तेच बांध हिरवे होतात. गवताचे बी मातीत निजलेले असते. काही कोसांवरील डुमसच्या किनाऱ्याला ओहोटीच्या वेळी जो गाळ दिसतो, तशा समुद्रतळाच्या गाळातही अशीच पेरणी झालेली असते.

समुद्रात असंख्य एकपेशीय वनस्पती तरंगत असतात. त्यांना वनस्पती-प्लवक म्हणतात. मासळीचे अन्न अखेर त्यांच्यावरच अवलंबून असते. क्षार वा प्रकाश अपुरा पडू लागला की डायटम या वर्गातील पुष्कळ जाती वाढ थांबवितात. कित्येक जाती सिलिकेचे जाड कवच बांधतात, साठविलेल्या अन्नावर अतिमंद श्वसन चालवितात आणि तळाशी जाऊन बसतात. चाबकासारखे दोन तंतू असलेले दुसरे काही जीव कठीण पुटी तयार करतात. तळ ढवळला जाऊन प्रकाश व ऑक्सिजन मिळाला म्हणजे यांतून पुन्हा जिवंत पेशी बाहेर पडतात.

ही निद्रा किती दीर्घ असावी? डेन्मार्कमधील मारियागर फिओर्डच्या गाळातून सुमारे 100 वर्षांपूर्वीचे डायटम जागे केल्याचे 2011 साली प्रसिद्ध झाले. 2025 साली जर्मन संशोधकांनी बाल्टिक समुद्रात सुमारे 240 मीटर खोलीवरील गाळातून जवळजवळ 6,900 वर्षांपूर्वीचे डायटम उगवून दाखविले. तेथे अंधार, थंडी आणि ऑक्सिजनचा अभाव; गाळ उकरणारे किडेही नाहीत. आपल्या उष्ण, लाटांनी घुसळलेल्या किनाऱ्यावर इतका टिकाव अवघड. पण एका हंगामातून दुसऱ्या हंगामापर्यंत तगले तरी वंश चालू राहतो.

मात्र या कोठारात सारेच धान्य नसते, विषही असते. 1983 साली मंगळूरजवळच्या कुंबळे येथे खाडीतील शिंपले खाल्ल्याने लोक आजारी पडले व एक मुलगा दगावला. शरीर लुळे पाडणारे असे विष काही प्लवक तयार करतात. शिंपल्यांत ते साठते आणि शिजविल्यानेही जात नाही. अशा काही जातींच्या पुटी गाळात वर्षानुवर्षे राहतात. जहाजे तोल राखण्यासाठी घेतलेल्या पाण्याबरोबर त्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेतात. म्हणूनच ते पाणी शुद्ध करण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार 2004 साली झाला व 2017 साली अमलात आला.

लहानपणी आई खाडीतल्या तिसऱ्या रात्रभर पाण्यात ठेवी, वाळू निघून जावी म्हणून. वाळू जाई, विषाचा विचार मनातही येत नसे. आज मुलांना मी एवढेच सांगतो : बंदरासाठी तळ उपसण्यापूर्वी त्या चिखलात काय निजले आहे, हे पाहावे. बियाणे न ओळखता शेत नांगरू नये, हे शेतकरी जाणतोच.