चारही चाकं ओढणारी गाडी घाटात सुटत नाही म्हणे!

देहूरोडहून जुन्या हायवेनं लोणावळ्याकडे निघणाऱ्या हौशी मंडळींच्या गप्पांत एक वाक्य हमखास असतं: ‘ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, वळणावर हलत नाही.’ सोमाटणे फाट्याच्या चहाच्या टपरीवर ते ऐकू येतं आणि शोरूममध्येही ऐकू येतं. २०२५ मध्ये फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय भारतात आली तेव्हा तर कान किटले. २६५ हॉर्सपॉवर, शोरूमची किंमत त्रेपन्न लाखांच्या घरात आणि ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना. ‘एवढे पैसे मोजून फ्रंट-व्हील?’ त्याच वर्षी स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आली, २६५ हॉर्सपॉवरची. तीही फ्रंट-व्हील. पुन्हा तेच कपाळावर हात मारणं.

ऑल-व्हील ड्राइव्ह निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. ती इंजिनाची ताकद रस्त्यावर उतरवते आणि ते काम फार चांगलं करते. गाडी वळवणं हे तिचं काम नाही, थांबवणं तर नाहीच. हे इतकं साधं आहे की पुन्हा पुन्हा सांगायचा कंटाळा येतो. तरी सांगतो.

गाडी आणि डांबर यांचा संबंध येतो तो फक्त टायरच्या चार तुकड्यांपुरता. प्रत्येक तुकडा साधारण तळहाताएवढा. या तुकड्यांची पकड म्हणजे महिन्याचा ठरलेला पगार. ब्रेकवर उधळलात तर वळायला कमी उरतो, वळण्यावर सगळा घातलात तर ॲक्सिलरेटरसाठी काही शिल्लक राहत नाही. ऑल-व्हील ड्राइव्ह ॲक्सिलरेटरचा खर्च दोनाऐवजी चार टायरांवर वाटून टाकते. पगारात मात्र एका पैशाची वाढ करत नाही.

आता आकडे. समजा, घाटातलं एक वळण तीस मीटर त्रिज्येचं आणि सपाट आहे. एकसारख्या वेगानं त्यातून जास्तीत जास्त किती वेगात जाता येईल, हे बारावीच्या पुस्तकातलं सूत्र सांगतं: घर्षणाचा गुणांक, गुरुत्वाकर्षण आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. कोरड्या डांबरासाठी गुणांक ढोबळमानानं ०.८ धरला तर उत्तर येतं ताशी ५५ किलोमीटर. ओल्या रस्त्याला ०.५ धरा, ४४ वर आलात. पहिल्या पावसात डांबरावरचं तेल आणि धूळ एकत्र येऊन जो चिखल होतो, त्याला ०.३ धरा, मग ३४. या सूत्रात इंजिन किती ताकदीचं, ताकद कुठल्या चाकांना जाते, याला जागाच नाही. गाडीचं वजनही त्यातून रद्द होऊन जातं. प्रत्यक्षात वजन अडचणच करतं, कारण टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणारा शाफ्ट, मागचा डिफरन्शियल, क्लच हे सगळं सामान त्याच जातीच्या गाडीत साधारण सत्तर ते शंभर किलोची भर घालतं.

ब्रेकचंही तेच. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीला ब्रेक काय फक्त पुढं असतात? ताशी ऐंशीवरून थांबायला कोरड्या रस्त्यावर सुमारे ३२ मीटर लागतात आणि ओल्यावर ५० मीटर, दोन्ही गाड्यांना. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात कापलेले २२ मीटर वेगळे. शिवाय आडव्या इंजिनाच्या ज्या ऑल-व्हील गाड्या आपल्याकडे दिसतात, त्यांतल्या बऱ्याच एरवी मुख्यतः पुढच्या चाकांवरच चालतात, गरज पडली की क्लच दाबून मागच्या चाकांना कामाला लावतात. जोरात ब्रेक दाबला, एबीएस किंवा ईएसपी जागी झाली की हा दुवा सहसा सोडून दिला जातो, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे आवरता येतं. थोडक्यात, ज्या क्षणी तुम्हाला ऑल-व्हीलचा आधार वाटतो, नेमक्या त्याच क्षणी ती रजेवर गेलेली असते.

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना, शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे-पलीकडे, एक वळण मनात धरा. पाऊस रिमझिम, समोर ट्रक. ब्रेक दाबलात, वजन पुढं आलं, पुढचे टायर दाबले गेले, मागचे हलके झाले. अजून ब्रेकवर पाय असतानाच स्टिअरिंग फिरवलंत. पुढच्या टायरांकडे आता दोन कामं आहेत. वेग जास्त असेल तर नाक बाहेर जातं, तुम्ही स्टिअरिंग आणखी फिरवता, नाक आणखी बाहेर. कुठल्याही गाडीत हेच घडतं. घाबरून ब्रेक आणखी जोरात दाबलात तर वजन आणखी पुढं येतं आणि काही गाड्यांची शेपूट बाहेर येते, फ्रंट-व्हीलचीसुद्धा. या सगळ्या नाटकात ॲक्सिलरेटरवर पाय नाही, म्हणजे चार चाकांना ताकद पोचवणाऱ्या यंत्रणेला भूमिकाच नाही.

आता दिशा उलटी करा. खोपोलीहून वर चढताय, तीव्र वळण, ओला रस्ता, वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबलात. चढामुळं वजन मागं सरकलेलं, पुढचे टायर हलके, त्यातही आतल्या बाजूचा सर्वांत हलका. साध्या डिफरन्शियलची फ्रंट-व्हील गाडी इथं आतलं चाक जागच्या जागी फिरवते, स्टिअरिंग हातात ओढ घेतं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतो. ऑल-व्हील गाडी मुकाट निघून जाते. इथं ती निर्विवाद जिंकते आणि इंजिन जितकं ताकदवान तितक्या मोठ्या फरकानं. मर्सिडीज-एएमजीच्या ए ४५ एस मध्ये ४२१ हॉर्सपॉवर आहेत आणि ती ३.९ सेकंदांत शंभर गाठते. एवढी ताकद फक्त पुढच्या दोन टायरांवर सोपवली तर ते बिचारे धूर काढण्यापलीकडं काही करणार नाहीत.

पण खरा धोकाही इथंच आहे. ते फिरणारं चाक, तो पिवळा दिवा ही फ्रंट-व्हीलवाल्याला मिळालेली सूचना असते: रस्ता निसरडा आहे, सांभाळ. ऑल-व्हीलवाल्याला ती मिळतच नाही. गाडी निमूट वेग घेते, त्याला वाटतं पकड भरपूर आहे, आणि पुढच्या वळणावर तो जास्त वेगानं पोचतो, तेच चार टायर आणि तेच ब्रेक घेऊन.

हा गैरसमज आला कुठून? बराचसा ऑडीकडून. १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडी क्वात्रो आली, पुढच्या वर्षी रॅलीत उतरली आणि बर्फ, खडी, चिखल यांवर तिनं बाकीच्यांना धूळ चारली. १९८१ मध्ये मिशेल मूतोंनं याच गाडीतून सानरेमोची रॅली जिंकली, जागतिक रॅली मालिकेतली फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री. १९८६ मध्ये ऑडीनं फिनलंडमधल्या स्कीच्या उडीच्या उतारावरून गाडी वर चढवून दाखवली, ती जाहिरात अजून लोकांच्या डोक्यात आहे. पण नीट बघा, गाडी चढत होती. वळत नव्हती.

वळणावळणाच्या कोरड्या डांबरी रस्त्याचा दाखला हवा असेल तर १९९९ चा घ्या. त्या वर्षी जागतिक रॅली मालिकेतल्या कॅटालुनिया आणि कोर्सिका या दोन्ही डांबरी फेऱ्या फिलिप बुगाल्स्कीनं सित्रोएन झारा किट कारमधून जिंकल्या. गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह, टर्बोसुद्धा नाही. हरलेल्यांत चारही चाकं ओढणाऱ्या, टर्बोवाल्या गाड्या होत्या. रहस्य वजनात होतं: नियमानुसार किट कारला किमान ९६० किलो पुरत, वर्ल्ड रॅली कारला १२३० किलो लागत. कोर्सिकाचा रस्ता म्हणजे डोंगर आणि वळणंच वळणं.

जुनी गोष्ट म्हणून झटकाल, तर जून २०२५ ची घ्या. जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगच्या वीसेक किलोमीटरच्या वळणदार ट्रॅकवर गोल्फ जीटीआय एडिशन ५० नं ७ मिनिटं ४६.१३ सेकंदांची फेरी नोंदवली. फ्रंट-व्हील, ३२५ हॉर्सपॉवर. याआधी फोक्सवॅगनची तिथली सर्वांत वेगवान ‘आर’ गाडी होती गोल्फ आर ‘२० इयर्स’, ऑल-व्हील, ३३३ हॉर्सपॉवर, वेळ ७ मिनिटं ४७.३१ सेकंद. आकडे कंपनीचेच, दोन्ही वेळा चालकही एकच, बेंजामिन लॉयख्टर. होंडाची फ्रंट-व्हील सिव्हिक टाइप आर २०२३ मध्ये या दोघींपेक्षाही पुढं होती, ७ मिनिटं ४४.८८१ सेकंद. यावर लगेच कुणीतरी म्हणेल, त्या जीटीआयला आणि सिव्हिकला ट्रॅकसाठीचे खास टायर होते. होते ना! मी दुसरं काय सांगतोय?

मात्र याचा अर्थ सगळ्या फ्रंट-व्हील गाड्या सारख्या, असाही नाही. सिव्हिक टाइप आर आणि गोल्फ जीटीआय यांच्यात पुढच्या चाकांसाठी लॉक होणारा डिफरन्शियल आहे. वळणातून बाहेर पडताना तो ताकद बाहेरच्या, जास्त दाबलेल्या चाकाकडं वळवतो, त्यामुळं नाक बाहेर जाण्याऐवजी आत ओढलं जातं. ऑल-व्हील गाड्यांतही अशीच जातपात आहे. चाकणला तयार झालेली महिंद्राची एक्सयूव्ही ७०० ऑल-व्हील ड्राइव्ह निसरड्या रस्त्यावर सुटका करण्यासाठी आहे. बीएमडब्ल्यूची एम ३४० आय ताकदीचा मोठा वाटा मागच्या चाकांना देते. ए ४५ एस मध्ये मागच्या प्रत्येक चाकाला वेगळा क्लच आहे, त्यामुळं ती बाहेरचं मागचं चाक जास्त ढकलून गाडी खरोखर वळवायला मदत करते. पण तीही ॲक्सिलरेटरवर पाय असेपर्यंतच. दरवाजावर ‘एडब्ल्यूडी’चा बिल्ला लागला म्हणजे तिन्ही गाड्या एकाच माळेचे मणी झाल्या, असं समजू नये.

बाकीचे किरकोळ गैरसमज थोडक्यात उरकतो.

थार ‘फोर-हाय’मध्ये टाकून कोरड्या घाटात जास्त पकड मिळते, हे चूक: तिच्यात पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये मधला डिफरन्शियल नाही, त्यामुळं डांबरी वळणावर गाडी अडखळते आणि गिअरचे भाग ताणले जातात.

पावसात टायरची हवा कमी केली की पकड वाढते, हे उलटं आहे: हवा कमी असली की साचलेल्या पाण्यावर टायर लवकर तरंगतो.

दोनच टायर नवे घ्यायचे तर फ्रंट-व्हीलला ते पुढं टाकावेत, हे गॅरेजवाला सांगतो. टायर कंपन्या मागं टाका म्हणतात, कारण मागची पकड आधी सुटली तर ती सामान्य चालकाला आवरत नाही.

उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं, हा कार्ब्युरेटरच्या काळातला समज: इंजेक्शनच्या गाडीत गिअर घालून पाय उचलला की इंधन तसंही बंद होतं. आणि लोणावळा ते खोपोली हा साडेपाचशे मीटरच्या आसपासचा उतार आहे. दीड टनाच्या गाडीसाठी ती ऊर्जा ताशी शंभरवरून चौदा वेळा थांबण्याएवढी होते. त्यातली जितकी इंजिन खाईल तितके ब्रेक कमी तापतील.

ईएसपी बंद केली की गाडी ‘खरी’ चालते, हे ऐकलं की मात्र मी वाद घालायचं सोडून देतो. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या अभ्यासानुसार, या यंत्रणेमुळं एकट्या गाडीच्या जीवघेण्या अपघातांचा धोका जवळपास निम्म्यावर आला. ती ऑल-व्हीलला असते, फ्रंट-व्हीललाही असते.

मग घ्यायची कुठली? अडीचशे हॉर्सपॉवरपर्यंतची गाडी, कामशेत-पवनानगर किंवा लोणावळा-ॲम्बी व्हॅलीसारखे रस्ते आणि बहुतेक फिरणं डांबरावर, तर लॉक होणाऱ्या डिफरन्शियलची हलकी फ्रंट-व्हील घ्या आणि वाचलेले पैसे टायरवर घाला. साडेतीनशेच्या वर ताकद हवी असेल किंवा फार्महाऊसचा शेवटचा किलोमीटर पावसाळ्यात लाल चिखलाचा असेल, तर ऑल-व्हील घ्या, पैसे वसूल होतील. दुधिवरे खिंडीत धुकं उतरलं की दोन्ही गाड्यांचा वेग सारखाच ठेवावा लागेल, हे लक्षात असू द्या.

आणि या शनिवारी निघण्याआधी एक काम करा. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. खाच १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली असेल तर तो कायद्यानंही संपला. नव्या टायरला साधारण आठ मिलिमीटर असते. गाडी फ्रंट-व्हील असो की ऑल-व्हील, आधी खाली वाकून हे बघा.