पालकांच्या हातातली विद्या

शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात शाळेला पालक आठवतो तो बहुधा तीन कामांसाठी: सही, वर्गणी आणि श्रमदान. पावसाळ्याआधी छपराचे पत्रे बसवायचे असतील, कुंपण घालायचं असेल, स्नेहसंमेलनाचा मांडव उभारायचा असेल तर गावातला बाप्या हजर असतो. काम झालं की त्याला चहा मिळतो, कधी नारळ मिळतो, आणि तो घरी जातो. ज्या माणसाने कारवीचा कूड उभा करून त्यावर शेणामातीचा लेप दिला आणि पाऊस-वारा झेलणारं घर बांधलं, त्याला वर्गात उभं करून ‘हे कसं करतात ते मुलांना सांग’ असं म्हणणारी शाळा विरळा. शाळा त्याच्याकडून अंगमेहनत घेते. त्याच्याजवळची माहिती घ्यावी हे तिच्या मनातच येत नाही.

याउलट कॅथलिक शाळांच्या जगात पालकांनी आपापल्या अंगच्या कलागुणांनी शाळेला हातभार लावण्याची रीत जुनी आहे आणि तिच्यावर लिहिलंही गेलं आहे. पण आपल्या मुलखातलं उदाहरण शोधायला आधी मुरबाडला जावं लागतं, आणि ते सापडतं जिल्हा परिषदेच्या शाळेभोवती.

फांगणे हे मुरबाड तालुक्यातलं छोटं गाव. ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनाला, तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. कल्पना गावातले जिल्हा परिषद शिक्षक योगेंद्र बांगर यांची. शिवजयंतीच्या निमित्ताने गावात वाचन चाललं असताना म्हाताऱ्या बायांनी ‘आम्हालाही वाचता आलं असतं तर’ अशी हळहळ बोलून दाखवली आणि त्यातून हे निघालं. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने पाट्या, दप्तरं आणि गणवेश दिले. गणवेश म्हणजे गुलाबी नऊवारी. विधवा आजीलाही तोच रंग. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या तीसेक आज्या. वर्ग दुपारी, घरचं काम आवरल्यावर. या शाळेची छायाचित्रं जगभर गेली आणि बघणाऱ्यांना गुलाबी साड्या तेवढ्या लक्षात राहिल्या.

मला मात्र या गोष्टीतली शिक्षिका महत्त्वाची वाटते. ती डी.एड. नव्हती. गावातलीच एक सून, दहावीपर्यंत शिकलेली. वर्गात समोर बसलेल्या विद्यार्थिनींत तिची स्वतःची सासूही होती. ज्या घरात सून सासूपुढे डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्या घरातल्या सासूने सुनेपुढे पाटी धरायची आणि चुकलेलं अक्षर पुसून पुन्हा काढायचं! घरी नातवंडं आजीचा अभ्यास घेऊ लागली. गावात शिकवू शकणारं माणूस आधीपासून होतं. गुरुजींनी त्या माणसाला विचारलं, एवढाच फरक पडला. सरकारी खात्यात याला ‘लोकसहभाग’ म्हणतात आणि त्याचा रकाना भरतात. फांगण्यात झालं ते त्या रकान्यात मावणारं नाही.

शेजारच्या शहापूर तालुक्यात पष्टेपाड्याची गोष्ट वेगळ्या वळणाची. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने आदिवासी पाड्यावरची शाळा डिजिटल केली. गावकऱ्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावला आणि पुढे राज्यभरातले शिक्षक ती शाळा बघायला येऊ लागले. कौतुकाचीच गोष्ट आहे. पण तंत्र शिक्षकाचं, पाठबळ गावाचं, अशी ती वाटणी होती. बहुतेक चांगल्या शाळांची हीच वाटणी असते.

आता कॅथलिक शाळेकडे वळू. तत्त्वाच्या पातळीवर या शाळेइतका पालकांना मान कुठेच नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणावर जे घोषणापत्र काढलं, त्यात आईबाप हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक असल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतलं कलम ७९६ त्याहून पुढे जातं: शिक्षकांनी पालकांशी मिळूनमिसळून काम करावं, त्यांचं म्हणणं मनापासून ऐकावं, पालकांच्या संघटना आणि सभा व्हाव्यात आणि त्यांची कदर व्हावी. हे नियमाच्या भाषेत लिहिलेलं आहे. म्हणजे पालकाला आत घेणं हा मुख्याध्यापिका सिस्टरांचा मोठेपणा नसून त्यांचं कर्तव्य आहे.

देशाचा कायदा इथे उलट्या बाजूने चालतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य आईबाप किंवा पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. म्हणजे मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरची मजुरी करणारी आई जिल्हा परिषद शाळेच्या कारभारात हक्काने बसू शकते. अल्पसंख्याकांच्या शाळांसाठी मात्र २०१२ च्या दुरुस्तीने ही समिती फक्त सल्ला देणारी ठरली. पुढे ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रमती खटल्यात अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागूच होत नाही असा निकाल दिला. पाठीशी घटनेचं कलम ३०: अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क. तो हक्क असावाच, यात मला शंका नाही. पण त्याचा परिणाम असा की सरकारी शाळेत पालक हक्काने आत येतो आणि कॅथलिक शाळेत बोलावलं तर येतो. कागदावर हक्क असूनही सरकारी समितीची सभा सहीपुरती उरते, हा भाग निराळा. बोलावलेला पाहुणा कधी कधी घरच्यापेक्षा जास्त काम करून जातो.

त्याची साक्ष जुन्या ठाणे जिल्ह्यात मिळते. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, तोवर वसई ठाण्यातच होती. तिथला कॅथलिक समाज पोर्तुगीज अमदानीत, म्हणजे १५३४ ते १७३९ या काळात ख्रिस्ती झाला आणि मराठीच राहिला. सामवेदी असो की वाडवळ, घरात बोली, चर्चमध्ये मराठी. तिथे धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, आणि शाळा बहुधा एकाच आवारात. त्यामुळे सणाला मांडव घालणारा, बँडमध्ये कर्णा फुंकणारा, नाटकात काम करणारा आणि शाळेत मूल असलेला माणूस एकच असतो. त्याला शाळेत वेगळं आमंत्रण लागत नाही. रविवारी मिसा संपली की तो शाळेच्या पायरीवरच उभा असतो. बागाईतदार बाप, नर्स आई, चित्र काढणारा मामा, कुणाला काय येतं हे फादरांना आधीच ठाऊक असतं. शाळेला लागते ती हीच माहिती. एरवी प्रवेश अर्जात बापाचा ‘व्यवसाय’ विचारतात, ‘तुम्हाला काय काय येतं?’ हा प्रश्न नसतो.

शहापूर-मुरबाडमध्ये ती सोय नाही. इथे ख्रिस्ती वस्ती तुरळक. इथल्या भागात कॅथलिक संस्थेने शाळा चालवली तरी तिच्यातली बहुसंख्य मुलं हिंदू आणि आदिवासी घरांतलीच असणार. त्यांचे आईबाप रविवारी चर्चच्या आवारात भेटणार नाहीत. शाळेने त्यांना मुद्दाम शोधायला हवं. आणि इथे खरी अडचण माध्यमाची आहे. मूल इंग्रजी शाळेत घातलं की ठाकरी किंवा कातकरी बोलणारा बाप फाटकापाशीच संकोचतो. सिस्टर मल्याळी किंवा मंगळुरी, शिक्षिका कल्याणहून लोकलने आसनगावला उतरणारी, आणि आपण चिखलाच्या पायांचे. पालकसभेत तो शेवटच्या बाकावर बसतो, विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि त्याला कुणी विचारत नाही. पैसे भरून मूल शाळेत घालणारा माणूस आपल्याला काही येतं हे विसरतो, याला शाळेचा दोष म्हणायचा की आपल्या सगळ्यांचा?

अमेरिकेत कॅथलिक शाळा उभ्या राहिल्या त्याच मुळी गरीब स्थलांतरितांच्या बळावर. १८८४ च्या बाल्टिमोर धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मग्रामाने शाळा काढावी असं ठरवलं, आणि आयरिश, जर्मन, पोलिश मजुरांनी आपल्या तुटपुंज्या कमाईतून त्या शाळा पोसल्या. आज तिथल्या अनेक शाळांत पालकांना वर्षाला ठरावीक तास सेवा द्यावी लागते. नाही दिली तर जादा पैसे भरायचे. तासांची वही असते. मला ही पद्धत आपल्याकडे आणण्याजोगी वाटत नाही. ज्याचा दिवस रोजंदारीवर जातो त्याच्याकडून सक्तीचा तास घेणं म्हणजे फी वाढवण्याचाच प्रकार. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा घरोघरी मूठमूठ धान्य गोळा केलं गेलं. मूठ ज्याची त्याची, जमेल तेवढी. ती आपली रीत.

तर इथल्या पालकाला काय काय येतं?

पहिल्या पावसाबरोबर बाजारात शेवळं येतात. नुसती शिजवली तर घसा खाजून हैराण. त्या कंदवर्गीय वनस्पतीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून ठाकर-कातकरी बायका त्यात काकडं घालतात; त्या आंबट फळांनी खाज मोडते. शाळेच्या विज्ञानात आम्ल आणि क्षार शिकवताना प्रयोगशाळेत लिटमसचा कागद बुडवतात. त्याच तासाला एखाद्या आईने चुलीवर शेवळाची भाजी करून दाखवली तर मुलांना आम्ल आयुष्यभर लक्षात राहील. शिवाय कोणती भाजी कुठल्या आठवड्यात उगवते, टाकळा कधी कोवळा असतो, भारंगीची फुलं कशी खुडायची, कुर्डूचं काय करायचं, हे सगळं त्या आईला तोंडपाठ. ही वनस्पतिशास्त्राची वहीच आहे, फक्त लिहिलेली नाही.

बांबूचं तसंच. सूप, टोपली, डालगं, कणगी, इरलं विणणाऱ्याला कोणत्या वयाचा बांबू तोडायचा, तो कसा चिरायचा, कोणत्या पट्टीला किती ताण सोसतो हे हाताने कळतं. विणकामातली उभी-आडवी पट्ट्यांची मांडणी म्हणजे भूमितीच. कोपरा वळवताना गणित चुकलं तर टोपली तिरकी होते आणि मास्तरांनी लाल शाई मारायची गरज उरत नाही. राब भाजणं, रोप काढणं, खाचरात पाणी एका पातळीला ठेवणं, बांध फुटू न देणं, यात उताराचं आणि पाण्याच्या दाबाचं ज्ञान आहे. वारली घरांत लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने सुवासिनी काढतात. ती चित्रं जिव्या सोमा म्हशे यांच्यामुळे जगाने बघितली आणि त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. शाळेच्या भिंतीवर मात्र वारली चित्र काढायला बहुधा बाहेरचा पेंटर येतो!

हे नवं बोलतो आहे असं नाही. गांधीजींची नई तालीम १९३७ च्या वर्धा परिषदेतून आली. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये अनुताई वाघांसह कोसबाडला, म्हणजे याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, शंख-शिंपले, पानं, खडे, बिया यांची शैक्षणिक साधनं केली आणि बालवाडी पाड्याच्या अंगणात नेली. मुलं येत नाहीत तर शाळा जाईल, आणि ती घरच्या वस्तूंनी भरेल, इतकी सरळ ती कल्पना. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावं असं सुचवलं आहे. स्वयंसेवकांना शाळांशी जोडणारी ‘विद्यांजली’ ही केंद्राची योजनाही आहे. तिच्यासाठी संकेतस्थळावर नाव नोंदवावं लागतं. टोपली विणणारा बाप संकेतस्थळ उघडणार नाही. त्याच्या दारात कुणीतरी जायला हवं.

बाहेरचा प्रौढ माणूस वर्गात येणार तर काही पथ्यं पाळावीच लागतात, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये शेजारच्या बदलापुरात शाळेत लहान मुलींवर जो अत्याचार झाला त्यानंतर ती कुणी सैल धरू नयेत. पोलीस पडताळणी, वर्गात शिक्षक कायम हजर, मुलांबरोबर एकट्याने कुणी थांबायचं नाही. पालक ओळखीचा आहे, भला आहे, हे कारण पुरेसं नाही. अडाणी पालकाला यात अपमान वाटू नये म्हणून नियम सगळ्यांना सारखा, डॉक्टर पालकालाही.

पथ्य पाळणं त्या मानाने सोपं. अवघड आहे ते वेळापत्रक. शाळेचं वर्ष आणि पालकाचं वर्ष एकमेकांना भेटत नाही. जून-जुलैत पेरणी आणि लावणी, तेव्हा कुणाला फुरसत नाही. दिवाळीच्या आसपास कापणी-झोडणी. ती आटोपली की कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक, कोलाम आणि माडियांबरोबर. मुलंही बऱ्याचदा आईबापांबरोबर जातात. नव्वदच्या दशकात विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने भट्टीवरच्या झोपडीत, म्हणजे भोंग्यात, शाळा भरवली ती याच कारणाने. आणि शाळांची स्नेहसंमेलनं, विज्ञान प्रदर्शनं, पालक दिन येतात ते डिसेंबर-जानेवारीत! नेमके ज्यांच्या हातात सगळ्यात जास्त कसब आहे ते तेव्हा विटा थापत असतात.

म्हणून शहापूर-मुरबाडमध्ये कुणी शाळा, मग ती फादरांची असो की जिल्हा परिषदेची, पालकांना शिकवायला बोलावणार असेल तर तिने भाद्रपद धरावा. लावणी संपलेली असते, भात पोटरीला आलेलं असतं, माणसं गावात असतात, रानभाज्यांचा शेवटचा बहर हाताशी असतो आणि गणपतीमुळे शहरात गेलेले भाऊबंदही परतलेले असतात. बैठक शाळेत न घेता पाड्यावर घ्यावी, संध्याकाळी, गुरं बांधून झाल्यावर. इंग्रजीतला छापील फॉर्म नेऊ नये. प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारावा, ‘तुम्हाला काय येतं?’ आणि पहिलं उत्तर ‘आम्हाला काय येणार, मॅडम’ असं आलं तर उठून जाऊ नये, कोपऱ्यात टांगलेलं इरलं कुणी विणलं ते विचारावं.