आधी वर्ष ठरवा, मग गाडी

22 सप्टेंबर 2025 ला, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला. ही बातमी आता सगळ्यांना पाठ आहे. पण ज्या घराचं बजेट साडेतीन-चार लाखांच्या वर जात नाही, त्या घरासाठी तिचा अर्थ काय, हे कुणी नीट सांगितलेलं मला दिसलं नाही. जुन्या गाडीचा भाव ज्या खुंटीला टांगलेला असतो, ती खुंटीच त्या दिवशी खाली आली.

वॅगन-आर घ्या. मारुतीने तिची किंमत मॉडेलनुसार 79,600 रुपयांपर्यंत उतरवली आणि सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत 4,98,900 झाली. रायपुरात जुनी वॅगन-आर विकणारा मात्र अजूनही 'मी सहा लाखांना घेतली होती' इथूनच बोलायला लागतो. त्याने किती मोजले हा त्याचा हिशेब. आपला हिशेब आज त्याच मॉडेलची नवी गाडी कितीला पडते, तिथून सुरू व्हायला हवा. त्यातही एक गोष्ट रायपूरकरांनी विसरू नये. जानेवारी 2025 मध्ये इथल्या ऑटो एक्स्पोत गाडी घेणाऱ्यांना लाइफटाइम टॅक्समध्ये पन्नास टक्के सूट होती. त्या गाड्या बाजारात येतील तेव्हा मालक ऑन-रोड किंमत पूर्ण टॅक्स धरून सांगेल. टॅक्सची पावती मागा.

अर्टिगाचं गणित वेगळं आहे. ती चार मीटरपेक्षा लांब, म्हणून 18 नव्हे तर 40 टक्क्यांच्या गटात बसली आणि नव्या गाडीची किंमत फार तर 46,400 रुपयांनी उतरली. त्यामुळे जुन्या अर्टिगाचा मालक भाव फारसा सोडत नसेल तर त्याला अडेलतट्टू म्हणू नका, त्याच्याकडे कारण आहे. वॅगन-आर, स्विफ्ट, टियागो यांच्या मालकांकडे ते कारण उरलेलं नाही.

आणखी एक गैरसमज लगेच काढून टाकतो. डीलर 'जुन्या गाडीवर आता अठरा टक्के जीएसटी' असं सांगून लाखाच्या मागे अठरा हजार जोडायला बघत असेल, तर उठून या. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरच्या बैठकीत ठरलेला तो कर डीलरच्या नफ्यावर आहे. तीन लाखांना घेतलेली गाडी त्याने तीन लाख चाळीस हजारांना विकली तर कर चाळीस हजारांवर, म्हणजे 7,200 रुपये. शेजाऱ्याकडून थेट घेतलीत तर तोही नाही.

पैशांचं एवढं पुरे. मला खरं बोलायचं आहे ते सालाबद्दल.

जुनी गाडी घेणारा माणूस आधी मॉडेल ठरवतो, मग रंग बघतो, मग रनिंग विचारतो, आणि साल फक्त भाव पाडण्यापुरतं वापरतो. माझं म्हणणं आहे की सुरुवातच सालापासून करा, कारण आपल्याकडे सालागणिक गाडी आतून बदलत गेली आहे. एप्रिल 2019 पासून बाहेर पडणाऱ्या प्रवासी गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. 1 जुलै 2019 पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा आवाज, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर आले. त्याच ऑक्टोबरपासून जुन्या मॉडेलांनाही धडक चाचणीचे नियम लागू झाले. एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम. शेजारच्या सीटवरची एअरबॅग मात्र 2021 संपेपर्यंत बेस मॉडेलात नसली तरी कायद्याने चालत होतं, म्हणजे 2020ची गाडी घेताना डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला एअरबॅगची खूण आहे का, हे डोळ्यांनी बघावं लागतं. तिथे घरातलं कोण बसतं, ते आठवून बघा.

एबीएसचा आग्रह मी पुस्तकातून घेतलेला नाही. आमच्या जुन्या गाडीला ते नव्हतं. एका जुलैत नागपूरहून परतताना साकोलीच्या पुढे पाऊस लागला, समोर म्हशी आडव्या आल्या, मी ब्रेक दाबला आणि चारही चाकं जाम झाली. स्टेअरिंग फिरवत होतो आणि गाडी सरळच घसरत होती. कडेच्या कडुनिंबापासून हातभरावर ती थांबली. मागे आई आणि दोन मुलं होती. त्या दिवसापासून सनरूफ, टचस्क्रीन, अलॉय व्हील हे शब्द माझ्या कानांना ऐकूच येत नाहीत. 2019च्या मध्यानंतरची गाडी, तीही दोन एअरबॅगची. ती बजेटमध्ये बसत नसेल तर एक आकार लहान घ्या, पण साल मागे नेऊ नका.

आता गाडी कोणती? रायपूरच्या मराठी घराचा वर्षभराचा रस्ता डोळ्यासमोर आणा. भोसल्यांच्या काळापासून आपली माणसं इथे आहेत, पण नातीगोती अजून नागपूर-भंडाऱ्याला. आठवडाभर चौबे कॉलनी, शंकरनगर, शाळा, भाजी, महाराष्ट्र मंडळातला कार्यक्रम. महिन्यातून एकदा भिलाई. मे महिन्यात आणि लग्नसराईत नागपूर, एका बाजूला जवळजवळ तीनशे किलोमीटर, पाच माणसं, सामान, एसी आणि बाहेर पंचेचाळीस अंश. कधी डोंगरगडची बम्लेश्वरी, कधी राजीम. आणि दोन-तीन वर्षांतून एकदा बस्तर.

बस्तरच्या वाटेवर केशकाल घाट आहे. बारा वळणं, लोक त्याला बारा भांवर म्हणतात. भरलेली गाडी, चालू एसी आणि पुढे लोखंडाचा दगड नेणारा ट्रक, एवढ्यात हजार सीसीच्या इंजिनाचा दम कळतो. म्हणून 2019 नंतरच्या वॅगन-आरमध्ये मी 1.2 लिटरचीच घ्या म्हणतो. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, डीलरही एका दमात 'वॅगन-आर' म्हणतो, पण एक 68 अश्वशक्तीच्या आसपास आणि दुसरी 83. आरसीवर इंजिनाचे सीसी लिहिलेले असतात.

वॅगन-आर मला मनापासून आवडते, हे लपवत नाही. तिच्यात माणूस खाली वाकून शिरत नाही, खुर्चीत बसावं तसा बसतो. गुडघे दुखणाऱ्या आईला कमी उंचीच्या हॅचबॅकमधून बाहेर काढताना ज्याने हात दिला आहे त्याला या उंचीचं मोल सांगावं लागत नाही. डिकी 341 लिटरची, म्हणजे दोन मोठ्या बॅगा आणि वर फराळाचे डबे. मागची सीट पाडली की गावाकडचं तांदळाचं पोतं उभंच्या उभं आत जातं.

पण तिच्या बाजूने बोलताना तिची दुबळी बाजूही सांगायलाच हवी. 2019च्या ग्लोबल एनकॅप धडक चाचणीत तिला दोनच तारे मिळाले. त्याच फेरीत अर्टिगाला तीन. जानेवारी 2020 मध्ये टियागोला चार. म्हणून ज्यांचं नागपूरला महिन्यातून दोनदा जाणं आहे, त्यांना मी टियागो सांगतो, डिकी लहान असली तरी. ज्यांचं बहुतेक फिरणं शहरात आणि घरात वयस्कर माणसं, त्यांना वॅगन-आर. सहा-सात जणांचं घर असेल तर नोव्हेंबर 2018 मध्ये आलेली दुसऱ्या पिढीची अर्टिगा, पेट्रोल. मात्र तिसरी रांग भरली की सामानाला जागा राहत नाही आणि बॅगा टपावर बांधाव्या लागतात.

आणि एक गाडी जिच्याकडे फार कमी लोक वळून पाहतात, ती होंडा जॅझ. 354 लिटरची डिकी, लांबच्या रस्त्याला न थकणारी मागची सीट, आणि 2022 मध्ये एनकॅप चाचणीत चार तारे. 2023 मध्ये ती बंद झाली म्हणून भाव उतरलेला असतो. होंडाचं दुकान देशात चालू आहे, त्यामुळे मी तिला घाबरत नाही. फोर्डचं तसं नाही. 2021 मध्ये कंपनीने इथलं उत्पादन थांबवायचं ठरवलं आणि इकोस्पोर्टसारखी दणकट गाडी स्वस्तात मिळू लागली. ती घेण्याआधी आपल्या मिस्त्रीला एकच विचारा: पुढचा हेडलाइट फुटला तर किती दिवसांत मिळेल?

आमचे मिस्त्री फाफाडीहकडचे. तीस वर्षं याच धंद्यात. गाडी दाखवायला नेली की बोनेट उघडण्याआधी ते टायरजवळ उकिडवे बसतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात, '2319' म्हणजे 2019च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. गाडी 22 हजार किलोमीटर फिरली असं मीटर सांगतं आणि टायर मात्र दोन वर्षांपूर्वी बदललेले, तर मीटर मागे फिरवलेलं असण्याची शक्यता धरायची. मग ते सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढतात. तळाशी शिवलेल्या कापडी पट्टीवर बेल्टची तारीख असते. गाडी 2020ची आणि एकाच बाजूचा बेल्ट 2022चा असेल, तर तो बदलावा का लागला, हे मालकाने सांगायला हवं. बेल्टच्या शेवटच्या वीतभरावर चिखलाची रेघ दिसली तर गाडी पाण्यात उभी राहिलेली आहे. मालक वरचं सगळं धुतो, बेल्ट शेवटपर्यंत ओढून धूत नाही.

बोनेटखाली ते मडगार्डच्या बोल्टवरचा रंग बघतात. कंपनीतून आलेल्या बोल्टवर रंग अखंड असतो, पाना लागलेल्यावर कडा उडालेल्या. आणि शेवटी एअर फिल्टर. उरला-सिलतराच्या स्पंज आयर्न कारखान्यांची काळी धूळ आपल्या गच्च्यांवर बसते, तीच फिल्टरमध्ये बसते. त्या बाजूला रोज ये-जा करणाऱ्या गाडीचा फिल्टर हातात घेतला की बोटं काळी होतात. एवढ्यावरून गाडी टाकून देऊ नका, पण मालकाने फिल्टर वेळेवर बदलला नसेल तर इंजिन ऑइलही वेळेवर बदललं नसेल. मिस्त्रींना भिलाईच्या सेक्टरमधल्या गाड्या आवडतात: स्टील प्लांटमधून निवृत्त झालेला एकच मालक, सर्व्हिसची फाइल तारखेनुसार लावलेली. मीही दोनदा तशी फाइल पाहून गाडी घेतली आणि पस्तावलो नाही.

पेट्रोलचा एक मुद्दा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि एप्रिल 2023 नंतरच्या गाड्याच त्यासाठी बनवलेल्या आहेत. आपण ज्या सालांबद्दल बोलतो आहोत त्या सालांच्या गाड्या त्याआधीच्या. नीती आयोगाच्या 2021च्या अहवालातच अशा चारचाकींचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असं म्हटलं होतं. लिटरला वीस देणारी गाडी एकोणीसच्या खाली येईल, हे धरून चाला आणि इंधनाच्या नळ्या, रबरी सील तपासून घ्या.

एमएच-31 पासिंगची गाडी घेण्याचा मोह आपल्या घरात कायमचा. नागपूरच्या आतेभावाची गाडी, माहितीतली, स्वस्त. दिल्लीहून येणाऱ्या डिझेलपेक्षा ती लाखपट बरी, कारण दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरच्या दिल्लीतल्या निर्बंधांमुळे तिथून निघालेल्या गाडीचा मागचा मालक तुम्हाला कधी भेटत नाही. पण नात्यात घेतली तरी नागपूर आरटीओची एनओसी लागतेच, बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर छत्तीसगडची नोंदणी लागते, आणि इथला टॅक्स पुन्हा भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्यापैकी उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो, तो आतेभावाच्या नावाने निघेल. व्यवहाराच्या आधीच हे बोलून घ्या, म्हणजे पुढच्या लग्नात तोंड चुकवावं लागणार नाही.

विकणाऱ्यालाही सांगतो, कारण आपल्यातला प्रत्येक जण कधीतरी विकणारा असतो. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून ते कोरे सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. त्या खटल्यातली गाडी हातोहात विकली गेली होती, नाव कुणीच बदललं नव्हतं, एक मूल दगावलं आणि भरपाईची जबाबदारी पहिल्या मालकावर आली. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही चौदा दिवसांत नावावर करून घ्यायचा, आणि जुना नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो मालकाबरोबर जातो, म्हणून पहिल्या वर्षीचा हप्ता मोठा दिसेल. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय टोकनही देऊ नका.

गेल्या आठवड्यात शेजारच्या कुटुंबासाठी आम्ही भिलाईला 2020ची वॅगन-आर बघितली. 1.2 लिटर, दोन एअरबॅग, टायर मूळचे, बेल्ट कोरडे. घेणाऱ्याची आई मागच्या सीटवर बसली, दार लावलं, पुन्हा उघडलं, आधाराविना उतरली आणि परत जाऊन बसली. किमतीचं बोलणं त्यानंतर सुरू झालं. मालकाने नव्या गाडीची जुनी किंमत सांगितली, आम्ही सप्टेंबरनंतरची. सोमवारी नावावर करायचे कागद आरटीओत जमा होत आहेत.