औषध नेमके कोठे पोहोचते?

पुण्यात पाषाणच्या बाजूला १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे आणि तिच्या शेजारी २००६ पासूनची आयसर ही संस्था. आयसरमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक असताना सुदीप्त बसू यांनी कर्करोगाचे औषध पेशीच्या आत, थेट तंतुकणिकांपर्यंत, नेऊ पाहणाऱ्या सूक्ष्म कणांवर संशोधन केले. पुढे ते गांधीनगरच्या आयआयटीत गेले. अशा कणांना नॅनोवाहक म्हणतात. हे काम काय आहे आणि आपल्या माणसांशी त्याचा संबंध कोणता, एवढेच मला येथे मांडावयाचे आहे. विज्ञान हा आपला विषय नव्हे असे आपल्यातील पुष्कळ लिहिणारे धरून चालतात. मला ते मान्य नाही.

गोळी गिळली वा सुई टोचली की औषध रक्तावाटे सगळ्या अंगात पसरते. दुखणे एका जागी आणि मार सर्व शरीराला. डॉक्सोरुबिसिन कर्करोगाच्या पेशी मारते, पण हृदयालाही इजा करते. ॲम्फोटेरिसिन-बी बुरशी मारते, पण मूत्रपिंड बिघडवते, अंगात हुडहुडी भरवते. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांना दिसून आले की, पेशीचे आवरण ज्या स्निग्ध द्रव्यांचे असते ती पाण्यात मिसळली असता त्यांचे आपोआप पोकळ फुगे बनतात. हाच लायपोसोम. त्याच्या पोटात किंवा आवरणात औषध बसवता येते. औषधाचे असे फुगे साधारण शंभर नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीत शेकडो मावतील एवढे. १९९५ साली अमेरिकेत डॉक्सोरुबिसिनचे असे औषध मान्य झाले.

कर्करोगाच्या गाठीतील रक्तवाहिन्या गळक्या असतात, तेव्हा हे कण तेथेच पाझरतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात काय झाले? प्राण्यांवरील दहा वर्षांच्या प्रयोगांचा २०१६ साली आढावा घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचणारा मध्यक वाटा अवघा ०.७ टक्के निघाला. बरेचसे कण यकृत आणि प्लीहेतील भक्षक पेशी गिळून टाकतात. वर्तमानपत्री कौतुकात हा आकडा सहसा सापडत नाही.

पण कर्करोगात जी अडचण ठरते, तीच काळा आजारात उपकारक ठरते. या रोगाचा परजीवी त्याच भक्षक पेशींत दडून बसतो. पेशी लायपोसोम गिळते आणि औषध आपसूक शत्रूच्या घरात जाते. वेगळा पत्ता चिकटवावा लागत नाही. बिहारमध्ये हा रोग मुसहर वस्त्यांवर विशेष तुटून पडला, कारण तो पसरविणारी वालुमाशी ओलसर मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते. आता तेथील चाचणी पाहा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत साध्या ॲम्फोटेरिसिनच्या १५ सलाइन एक दिवसाआड दिल्या, म्हणजे २९ दिवस इस्पितळात. लायपोसोमची मात्र एकच मात्रा. दोन्हींचा गुण जवळजवळ सारखा, ९६ टक्क्यांच्या आसपास. ज्याच्या घरी रोजच्या मजुरीवर चूल पेटते त्याला महिना आणि एक दिवस यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. २०१४ पासून भारताच्या सरकारी कार्यक्रमात ही एक मात्रा आली; तिचा पुरवठा मात्र जागतिक आरोग्य संघटनेमार्फत एका अमेरिकन कंपनीच्या देणगीतून होऊ लागला.

देणगीच का, असा प्रश्न मला पडतो. कारण हे ज्ञान आपल्याकडे नव्हते असे नाही. दिल्ली विद्यापीठात बी. के. बच्छावत यांनी देशी लायपोसोम ॲम्फोटेरिसिन विकसित केले आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी रुग्णांवर त्याच्या चाचण्या केल्या. ते बाजारातही आले. तरी २०२१ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात काळी बुरशी पसरली, तेव्हा या औषधाच्या कुप्या मिळेनाशा झाल्या. केंद्राने राज्यांना कोटा ठरवून दिला, जूनमध्ये त्यावरील जीएसटी काढून टाकला, आणि ज्यांना लायपोसोम मिळाले नाही त्यांच्यापैकी अनेकांना तेच जुने, मूत्रपिंडाला जाचणारे ॲम्फोटेरिसिन घ्यावे लागले.